पत्रावळ कुणी उचलली?

लग्न ठरलं त्या रात्री मी गूगल शीट उघडली. दिवसभर मगरपट्ट्यातल्या ऑफिसात तेच करते, त्यामुळे हात आपोआप तिकडे गेला. पाहुणे, जेवण, कपडे, गाड्या, फोटो असे रकाने पाडले आणि सगळ्यात शेवटी आणखी एक रकाना टाकला : 'उरेल काय?'

पप्पांची यादी बाराशेची होती. आमच्या लोणी काळभोरमध्ये बाराशे पानं म्हणजे घरगुती लग्न. सोलापूर रोडच्या लॉन्सवर याच्या दुप्पट-तिप्पट माणसं सहज जेवून जातात. मी आकडे भरत गेले. माणशी फक्त 100 ग्रॅम अन्न पानात राहिलं, तरी 120 किलो खरकटं. माणशी दोन पाण्याच्या बाटल्या धरल्या, तर 2,400 बाटल्या. मानपानाच्या टोप्या आणि टॉवेल तीनशे. त्यातले निम्मे पुढच्या कुणाच्या तरी लग्नात तसेच घडी न मोडता फिरणार, हे सगळ्यांना माहीत असतं. शिवाय चौकात फ्लेक्स, स्टेजवर एका रात्रीची फुलं आणि वरातीपुढे डिझेलवर धडधडणारा जनरेटर.

दुसऱ्या दिवशी मी घरात जाहीर केलं, की लग्न पर्यावरणपूरक करायचं. माणसं दीडशे. फ्लेक्स नाही, डीजे नाही, बाटल्या नाहीत, टोपी-टॉवेल नाही.

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांच्या मांडवात जेवलोय. त्यांना माझ्या मांडवात बोलवायचं नाही होय?"

याचं उत्तर माझ्या शीटमध्ये नव्हतं. मी आजीकडे पाहिलं. मला वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल. ती बोललीही. "आमच्या वक्ताला एक शित वाया जात नव्हतं. प्लास्टिक नव्हतं, काही नव्हतं. पत्रावळी असायच्या पळसाच्या. सगळं मातीत जायचं." मी विजयी मुद्रेने पप्पांकडे बघितलं. मग मी सहज विचारलं, की एवढ्या पंगती उठायच्या, तर पानात उरलेल्याचं काय व्हायचं?

आजी म्हणाली, "न्यायच्या की. वस्तीवरच्या बाया मांडवामागं पाट्या घेऊन बसलेल्या असायच्या. पंगत उठली की पत्रावळीतलं झाडून न्यायच्या."

एवढं बोलून ती गप्प झाली. मीही गप्प झाले. हा लेख त्या गप्प बसण्यातून सुरू झाला.

झिरो वेस्ट गावगाडा

'पूर्वीची लग्नं किती निसर्गाच्या जवळ होती' हे वाक्य आता रील्समध्येही ऐकू येतं. सामानापुरतं बोलायचं तर ते खरंच आहे. मांडव बांबू आणि आंब्याच्या डहाळ्यांचा. देवकाला आंबा, उंबर, जांभूळ, वड, पिंपळ अशा झाडांची पानं. काही कुळांत तर ज्या झाडाचं देवक, त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही अशी रीत होती. पाणी मातीच्या रांजणात, जेवण पळसाच्या पानावर, आमटी द्रोणात. दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जे पडे, ते पुढच्या पावसापर्यंत खत होऊन जाई.

पण हे सामान मांडवात आपोआप येत नव्हतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक 1915 साली आलं. आत्रे महसूल खात्यात होते आणि खेडं त्यांनी आतून पाहिलं होतं. अलुत्या-बलुत्यांची कामं आणि हक्क यांचा तपशील त्यांच्याइतका बारकाईने फार कमी जणांनी लिहिलाय. त्या व्यवस्थेत लग्नघरात कुणी काय आणायचं हे जन्माने ठरलेलं होतं. पत्रावळी गुरवाने द्यायच्या. मडकी कुंभाराने घडवायची. नवऱ्याच्या पायाखाली पायघड्या परटाने अंथरायच्या. नवरदेवाची हजामत न्हाव्याने करायची. सरपण फोडायचं, निरोप घेऊन गावोगाव पायी जायचं, ही कामं महारांची. दोरखंड आणि हलगी मांगांची. मोबदला म्हणून सुगीला खळ्यावरचं बलुतं आणि लग्नात मानाचा नारळ किंवा पागोटं. गावकुसाबाहेरच्यांना मिळायचं ते मांडवामागे, सगळ्यांचं झाल्यावर.

आज आपण ज्याला 'झिरो वेस्ट' म्हणतो, ते त्या लग्नात खरोखर होतं. काहीच वाया जात नव्हतं, कारण वाया जाणारं खायला माणसं नेमलेली होती. ती माणसं भुकेली असणं हा व्यवस्थेतला बिघाड नव्हता. व्यवस्था चालायची ती त्याच भुकेवर.

दया पवारांच्या आत्मकथनाचं नाव 'बलुतं' आहे. ते 1978 साली आलं. त्यानंतरच्या दलित आत्मकथनांतही गावच्या लग्नाचा मांडव मागच्या बाजूने दिसत राहतो. मी कॉलेजात यातलं थोडं वाचलं होतं. पण ते पुस्तकातलं गाव होतं. आजीच्या त्या एका वाक्याने त्या मांडवाची पुढची बाजू आमची झाली.

म्हणजे 'जुन्या पद्धतीचं, निसर्गपूरक लग्न' असं म्हणून मला मागे जाता येणार नव्हतं. मग इथे साधं लग्न केलं कुणी, आणि का केलं? मी शोधायला लागले आणि इतिहास माझ्या रोजच्या बसच्या रस्त्यावर निघाला.

हडपसरचा नवरदेव

लोणीहून पुण्याकडे निघालं की हडपसर लागतं. तिथे ससाणेनगर नावाचा भाग आहे. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मी ती पाटी शेकडो वेळा वाचलीय. हडपसरच्या ससाण्यांचं नाव लग्नाच्या इतिहासात आहे, हे मला माहीत नव्हतं.

24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तीन महिन्यांनी, 25 डिसेंबरला, समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं. नवरा सीताराम जबाजी आल्हाट. नवरी राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी. भटजी नाही, हुंडा नाही, बडेजाव नाही. या लग्नात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. पुढच्याच वर्षी, मे 1874 मध्ये, दुसरं लग्न झालं. त्यातला नवरदेव होता हडपसरचा ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे. पहिल्या लग्नापेक्षा या लग्नाला जास्त विरोध झाला, कारण एक लग्न ही गंमत म्हणून सोडून देता येते. दुसरं लागलं, की ती रीत व्हायला लागते.

या लग्नांत मंगलाष्टकं मराठीत होती, म्हणजे नवरा-नवरीला कळतील अशी. नवरी स्त्रीच्या हक्कांची मागणी करते, नवरा ते हक्क देण्याची शपथ सगळ्यांसमोर घेतो, अशी त्यांची रचना होती. पुढे 1887 मध्ये जोतीरावांनी या सगळ्या पूजाविधींची मंगलाष्टकांसह पुस्तिकाच छापली. म्हणजे कुठल्याही गावात, कुणालाही, कुणाच्या परवानगीशिवाय लग्न लावता यावं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सोर्स कोड खुला केला.

गंमत म्हणजे या कहाणीत हडपसर पुन्हा येतं. 4 फेब्रुवारी 1889 रोजी जोतीराव-सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत याचं लग्न झालं, ते त्याच ज्ञानोबा ससाण्यांच्या मुलीशी. तिचं नाव राधा, पुढे लक्ष्मी. जोतीरावांना आदल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आलेला होता. सावित्रीबाईंनी या मुलीला लग्नाआधीच घरी राहायला आणलं होतं. मुला-मुलीची ओळख व्हावी आणि तिने शिकावं म्हणून. आजही आमच्याकडे साखरपुडा होईपर्यंत मुलगा-मुलगी दोनदा कॉफीला भेटली तर चर्चा होते. त्या मानाने 1889 बरंच पुढे होतं.

फुल्यांना या भागाची शेती परकी नव्हती. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा हडपसर, मांजरी, लोणी काळभोर असा पूर्वेकडे जातो. त्या कालव्याच्या पाण्यावर मांजरीला त्यांनी स्वतः शेती केली. कुणब्याच्या घरात पैसा कुठून येतो आणि कुठल्या दाराने जातो, हे त्यांनी पुण्याच्या माडीवरून पाहिलेलं नव्हतं. 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात ते शेतकऱ्याच्या आयुष्याचा जमाखर्च मांडतात. जन्माच्या आधीपासून मरणाच्या नंतरपर्यंत धर्माच्या नावाने घरातून काय काय जातं, याची ती यादी आहे. लग्न हा त्यातला एक मोठा रकाना.

लग्नाचं कर्ज : खरं किती?

इथे एक सावध वळण घ्यायला हवं. 'शेतकरी लग्नापायी कर्जात बुडतो' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की ते तपासावंसं वाटत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनाही ते फार आवडायचं, कारण त्यात दोष शेतकऱ्याचा निघतो.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्य, कापड लुटलं गेलं, पण खरा राग होता तो कर्जाच्या कागदांवर. खतं जाळली गेली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत हे लोण पसरलं. यालाच आपण शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून वाचलं. सरकारने नेमलेल्या आयोगाने कर्जाची कारणं खोदून काढली आणि एक अनपेक्षित निष्कर्ष लिहिला : लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. शेतकऱ्याला बुडवतात ती पुन्हा पुन्हा काढावी लागणारी छोटी कर्जं. पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, सरकारी साऱ्यासाठी. अधूनमधून येणाऱ्या लग्नाचा वाटा त्यापेक्षा कमी.

हे वाचून मी जरा खजील झाले. कारण पप्पांशी वाद घालताना माझंही तेच चाललं होतं : तुमची उधळपट्टी, तुमचे बाराशे पाहुणे, तुमच्यामुळे पृथ्वीचं वाटोळं. ज्या माणसाने आयुष्यभर एसटीने प्रवास केला, त्याला वर्षातून चार वेळा विमानाने जाणारी मुलगी एका जेवणावरून पर्यावरण शिकवत होती.

फुल्यांच्या आणि साहेबांच्या बोलण्यातला फरक मला इथे दिसतो. साहेब म्हणायचा, कुणबी उधळ्या आहे. फुले विचारायचे, या खर्चाची सक्ती कुणी केली आणि पैसा जातो कुणाकडे. पहिल्यात उपदेश आहे, दुसऱ्यात हिशोब.

आणि सक्ती ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. गावजोशाला न बोलावता लग्न लावलं तरी त्याची दक्षिणा बुडवता येत नाही, कारण तो वतनी हक्क आहे, असे दावे कोर्टात जात. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा असा वाद थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. ज्याला बोलावलंच नाही, त्याची फी मागण्याचा हक्क मुंबई इलाख्यात कायद्याने संपला तो 1926 साली. म्हणजे पहिल्या सत्यशोधक लग्नानंतर अर्धं शतक उलटल्यावर. स्वतःचं लग्न साधं करता यावं, यासाठी आपल्या लोकांना कायदा व्हायची वाट पाहावी लागली.

ज्यांनी उष्टं नाकारलं

त्याच्या पुढच्याच वर्षी मांडवामागची गोष्ट पुढे आली. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, उष्टे-शिळे तुकडे मागू नका.

हे वाक्य पर्यावरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. पण गावोगाव लग्नातलं खरकटं 'आपोआप' नाहीसं होण्याची सोय इथून मोडायला लागली. पाट्या घेऊन बसणाऱ्या बायांनी बसायचं नाकारलं. ते एका दिवसात झालं नाही. आजीने ज्या बाया पाहिल्या, त्या महाडनंतर कितीतरी वर्षांनी. पण ज्या गावात हे नाकारलं गेलं, तिथे लग्नघरासमोर प्रथमच प्रश्न उभा राहिला असणार : आता या उरलेल्याचं काय करायचं? कचरा तेव्हापासून कचरा म्हणून दिसायला लागला. आधीही तो होताच, फक्त दुसऱ्याच्या पाटीत होता.

याच काळात गाडगेबाबा महाराष्ट्रभर फिरत होते. त्यांच्या कीर्तनात दोन गोष्टी हमखास असत. लग्नासाठी कर्ज काढू नका, हे सांगणं आणि कीर्तनाआधी गाव स्वतः झाडणं. आज आपण या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत टाकतो, एक सामाजिक सुधारणा आणि दुसरी स्वच्छता. बाबांच्या खराट्यात त्या एकच होत्या. ज्याने घाण केली त्याने झाडायची, आणि ज्याला परवडत नाही त्याने मिरवायचं नाही.

महाराष्ट्राबाहेरही हाच धागा दिसतो. तामिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीतली लग्नं पुरोहिताशिवाय आणि कमी खर्चात लागत. त्यांना 1967 मध्ये तिथल्या सरकारने कायदेशीर मान्यता दिली. चळवळीचं नाव लक्षात घ्या : स्वाभिमान. काटकसर त्यामागून आली.

कालव्याचं पाणी आणि थर्माकोलचं ताट

मग आमची लग्नं एवढी मोठी झाली कधी? आमच्या भागात याचं उत्तर पाण्यापासून सुरू होतं. कालव्याने ऊस आणला, उसाने गुऱ्हाळं आणि थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना. हातात पैसा आला, तसा तो मांडवातही दिसायला लागला. पुढे कारखाना बंद पडला, पण तोवर पुणे शहर सरकत सरकत आमच्या बांधापर्यंत आलं होतं. उसापेक्षा जमीन महाग झाली. महामार्गालगतच्या शेतांत लॉन्स उभी राहिली. पंगत गेली, बुफे आला. पत्रावळ गेली, थर्माकोलचं ताट आलं.

थर्माकोलचं ताट हलकं, स्वस्त आणि कुणाकडून धुवून घ्यायला नको असं होतं. आपण त्याला शिव्या देतो, पण ते का आलं हेही बघायला हवं. बलुतं संपलं होतं. पानं गोळा करून टाचण्यात दिवस घालवायला आता कुणी बांधील नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. भांडी घासणारी बाई मजुरी मागत होती, तेही बरोबर होतं. त्या मजुरीपेक्षा ताट स्वस्त पडलं. ज्या कष्टाचे पैसे कधी द्यावे लागले नव्हते, ते द्यायची वेळ आली तेव्हा आपण प्लास्टिक निवडलं.

23 मार्च 2018 ला महाराष्ट्र सरकारने थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्या-पेल्यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. ताटं बदलली. सुपारीच्या झावळीची, उसाच्या चिपाडाची आली. ती चांगलीच आहेत. पण वापरून झाल्यावर ती जातात कुठे?

लोणीपासून थोड्याच अंतरावर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं आहेत. पुण्याचा कचरा अनेक दशकं तिथे ओतला गेला. विहिरींचं पाणी खराब झालं, गावांना टँकर लावावे लागले, आंदोलनं झाली. एप्रिल 2017 मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी तीनेक आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या. अशा ढिगात आग का लागते, हे समजून घ्यायला सोपं आहे. ओलं अन्न बाकी कचऱ्याखाली गाडलं गेलं, की हवेशिवाय सडतं आणि मिथेन तयार होतो. तो पेटतो. म्हणजे पंगतीतला उरलेला मसालेभात डेपोत जाऊन इंधन होतो. चिपाडाचं ताटसुद्धा मिश्र कचऱ्यात गेलं तर तिथे जाऊन तेच करतं. पाकिटावरच्या हिरव्या पानाला त्याने काही फरक पडत नाही.

आणि हा कचरा हाताने वेगळा कोण करतं? पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, जी घरोघरचा कचरा गोळा करते. त्यात बहुसंख्य बाया आहेत आणि त्यातल्या बहुतेक दलित. मांडवामागची पाटी गेली आणि तिच्या जागी ढकलगाडी आली. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की आता त्या संघटित आहेत. ओळखपत्र मागतात, हातमोजे मागतात, दर मागतात.

वरून आलेली काटकसर

लग्नं लहान करायचा प्रयत्न सरकारांनीही केला. साठ-सत्तरच्या दशकांत अन्नटंचाईच्या काळात अनेक राज्यांत पाहुणे नियंत्रणाचे आदेश होते. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसांना शिजवलेलं अन्न वाढायला बंदी. एप्रिल 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात नियम आला : लग्नाला जास्तीत जास्त 25 माणसं, दोन तासांत उरकायचं, मोडलं तर 50 हजार दंड. माझ्या आतेभावाचं लग्न त्यातच झालं, घराच्या ओट्यावर. सगळे म्हणाले, किती छान, असंच असायला हवं. निर्बंध उठले आणि सहा महिन्यांत त्याच घराने पुढच्या लग्नाला अठराशे पत्रिका वाटल्या.

अगदी 2025 मध्ये हुंड्याच्या एका प्रकरणानंतर मराठा समाजाच्या बैठकांत लग्नाची आचारसंहिता मांडली गेली. माणसं कमी, डीजे नको, प्री-वेडिंग नको. तिचं पुढे काय होतं ते दिसेलच.

यात मला एक फरक दिसतो. टंचाईने किंवा दंडाने लहान झालेली लग्नं संधी मिळताच पुन्हा मोठी झाली. सत्यशोधक पद्धतीची लग्नं मात्र दीडशे वर्षांनंतरही महाराष्ट्रात लागतात. त्यांचं कारण पोकळ नव्हतं. तिथे खर्च कमी करून माणूस मोठा केला होता. नुसता खर्च कमी केला, तर पप्पांसारख्या माणसाला तो अपमानच वाटतो. आणि हिरव्या रंगाचं पण तेवढंच मिरवणारं लग्न केलं, ताटं परराज्यातून ट्रकने आणि 'रस्टिक' फुलं विमानाने, तर ती जुनी वरातच असते. फक्त हॅशटॅग बदललेला.

शीट, दुसरी आवृत्ती

महिनाभराने मी पुन्हा पप्पांसमोर बसले. या वेळी बाराशेला मी 'उधळपट्टी' म्हटलं नाही. विचारलं, यातले कोण आपल्याकडे जेवायला यायलाच हवेत? पेन घेऊन ते स्वतःच नावं खोडायला लागले. ज्यांच्या लग्नात फक्त पत्रिका आली म्हणून गेले होते ते, ज्यांना फक्त पुढारी म्हणून बोलवायचं होतं ते. यादी सव्वाचारशेवर थांबली. माझ्या दीडशेपेक्षा ती बरीच मोठी आहे. पण त्यात आमच्या शेतात काम केलेली सगळी घरं आहेत, जी बाराशेच्या यादीत नव्हती. ती आजीने घातली. सांगताना एवढंच म्हणाली, "पहिल्या पंगतीला बसवायची. मांडवात."

ताटं स्टीलची. ती आणायला फार लांब जावं लागलं नाही. तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की पहिला मुक्काम आमच्या लोणीत असतो. एका रात्रीत एवढ्या वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्या गावात मोठी पातेली आणि ताटं कुणाकडे आहेत, हे विचारायची फक्त खोटी होती. आचाऱ्याला मी 'भरपूर कर' म्हणायच्या ऐवजी आकडा दिला आणि वाढप्यांना सांगितलं, थोडं वाढा, पुन्हा विचारा. बुफे नाही. पंगतच. ओलं खरकटं आमच्याच शेतातल्या खड्ड्यात जाईल. मानपानाच्या टोप्यांवर अजून वाद चालू आहे. दोन काका ऐकत नाहीत.

भांडी घासायला सहा बाया लागतील. त्यांची मजुरी ठरवताना त्यांनी सांगितलेला आकडा मी तसाच शीटमध्ये टाकला. थर्माकोलच्या काळात जो रकाना रिकामा होता, तो आता भरलाय. घासून झाल्यावर त्या जेवायला बसतील तेव्हा ताजं अन्न शिल्लक असेल, हे मी आचाऱ्याला दोनदा बजावलंय.

पूर्ण सत्यशोधक लग्नाला दोन्ही घरं तयार झाली नाहीत. भटजी येणार आहेत. पण सप्तपदीनंतर आम्ही दोघं मराठीत शपथ घेणार आहोत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मजकूर आम्हीच लिहितोय. माझी पहिली मागणी लिहून झाली आहे. त्याची अजून ड्राफ्टमध्ये आहे.

'उरेल काय?' हा शेवटचा रकाना मी काढला नाही. त्याच्या शेजारी आणखी एक घातला : 'उचलणार कोण?' त्यात आता माझं नाव आहे, नवऱ्याचं आहे आणि आतेभावाचं आहे. पप्पांनी परवा फोन हातात घेतला, शीट खालपर्यंत सरकवली आणि काही न बोलता त्याच रकान्यात स्वतःचं नाव टाकलं.